जुन्या पिकअपचा डिझेल पंप : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्भ्याला भाजी मार्केटपासून हाकेच्या अंतरावर आमचं गॅरेज आहे. पहाटे नारायणगाव, ओतूर, सिन्नरकडून पिकअप येतात, माल उतरतो आणि उजाडेपर्यंत त्यातली एखादी आमच्या दारात धक्के खात येऊन उभी राहते. ड्रायव्हर उतरतो तोच निदान घेऊन : "काका, पंप गेला. बदलून टाका." बहुतेक वेळा पंप गेलेला नसतो. गेलेली असते ती वीस रुपयांची पाइप, तांब्याचा वॉशर, नाहीतर टाकीच्या झाकणाचं भोक. म्हणून खालच्या निम्म्या उत्तरांत पंप बदलू नका असंच सांगितलंय. उरलेल्या निम्म्यांत, बदलायचाच असेल तर कसा, ते आहे.

माझ्या गाडीत नेमके पंप किती?

जुन्या डिझेल पिकअपला साधारण दोन. पहिला छोटा, फीड पंप. तो टाकीतून डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून पुढे ढकलतो. त्याच्यावर किंवा फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचं बटण असतं, त्याला आपल्याकडे हातपंप म्हणतात. दुसरा मोठा, इंजेक्शन पंप. तो डिझेल मोजून, प्रचंड दाबाने, बरोबर वेळेला प्रत्येक नोझलला, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोंडाला, पाठवतो. हा बनवणारी मायको कंपनी २००८ पासून बॉश झाली, पण गॅरेजात आजही सगळे 'मायको पंप'च म्हणतात.

मोठ्या पंपाचे पुन्हा दोन प्रकार. प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) असलेला लांबट, तो इनलाइन. सगळ्या पाइपा एकाच गोल डोक्यातून निघतात तो रोटरी. रोटरीच्या पोटातच ओढणारा छोटा व्हेन पंप असतो, त्यामुळे अशा काही गाड्यांना बाहेर वेगळा फीड पंप सापडत नाही. आणखी एक फरक : इनलाइनच्या खालच्या भागाला इंजिन ऑइल मिळतं, रोटरीला मात्र वंगण डिझेलचंच. त्यामुळे टाकी कोरडी करून रोटरी पंप फिरवला की तो स्वतःलाच खातो.

मिस्त्री "पंप गेला" म्हणाला की पहिला प्रश्न विचारा : छोटा की मोठा? या एका शब्दावर बिलाला एक शून्य वाढतं.

मी व्हिडिओत पाहिलं, पंप टाकीच्या आत असतो आणि हौदा उचलून काढतात. माझ्या टाकीत तर काहीच नाही!

तो व्हिडिओ अमेरिकेतल्या पेट्रोल पिकअपचा असणार. तिकडच्या फोर्ड, शेवरोलेला विजेवरचा पंप टाकीत बुडालेला असतो. टाकी हौद्याखाली असते, म्हणून एकतर टाकी उतरवा नाहीतर हौदा उचला. आपल्या जुन्या डिझेल पिकअपला टाकी चॅसीच्या बाजूला टांगलेली आणि पंप इंजिनवर. टाकीत फक्त ओढणारी नळी, जाळी आणि डिझेलची पातळी दाखवणारा फ्लोट. तो व्हिडिओ पाहून हौद्याचे बोल्ट सोडवत बसलेला एक पोरगा मला माहीत आहे. गंजलेले चार बोल्ट तोडून झाल्यावर तो आमच्याकडे आला.

मग पंप खरंच गेलाय हे ओळखायचं कसं?

कॅनने. एवढी स्वस्त आणि खरं बोलणारी दुसरी टेस्ट नाही.

आधी डिझेल फिल्टर नवा टाका. जुन्या फिल्टरवर कुठलीही टेस्ट खोटी. मग पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या. टाकीकडून फीड पंपाला येणारी पाइप सोडवा आणि तिच्या जागी पारदर्शक पाइपचा तुकडा लावून त्याचं दुसरं टोक कॅनमध्ये बुडवा. परतीची पाइपही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅनमधलं डिझेल बघता बघता टाकीत जाऊन बसतं. कॅन टाकीच्या उंचीलाच ठेवा, एअर म्हणजे पाइपमधली हवा काढा (कशी, ते पुढे आहे), गाडी चालू करा आणि रेस द्या.

गाडी मस्त चालली तर पंप ठीक आहे. दोष टाकी, जाळी, झाकण किंवा तिथून येणाऱ्या पाइपमध्ये आहे. पंपाला हात लावू नका.

तरीही दम सोडते? आता कॅन उचलून पंपाच्या वर, बॉनेटच्या उंचीला धरा. डिझेल आपोआप खाली येईल, ओढायला लागणार नाही. वर धरल्यावर चालते आणि खाली ठेवल्यावर मरते, म्हणजे छोट्या पंपाची ओढ संपली. कॅन वर धरूनही काही फरक नाही, तर मग संशय मोठ्या पंपावर नाहीतर नोझलवर.

पारदर्शक तुकड्याकडे नीट बघा. सुईच्या टोकाएवढे बुडबुडे ओळीने पळताना दिसले तर कुठेतरी हवा खेचली जातेय. ओढणाऱ्या बाजूची गळती गंमतशीर असते. डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे पाइप बाहेरून कोरडी ठणठणीत दिसते आणि माणूस फसतो.

आणि हो, रोटरी पंपावर एक सोलेनॉइड, म्हणजे डिझेल चालू-बंद करणारा विजेवरचा खटका, असतो. चावी ऑन केली की बारीक 'टक' आवाज यायला हवा. आवाज नाही तर आधी तिथे १२ व्होल्ट करंट येतोय का बघा. तुटलेल्या वायरसाठी अख्खा पंप उतरवलेला मी पाहिला आहे.

सकाळी पहिली स्टार्टिंग होत नाही. हातपंप मारला की लगेच होते. पंपच ना?

नव्हे. रात्रभरात डिझेल टाकीकडे उलटं गेलं. डिझेल उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा एखादा जोड हवा घेतो. पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे (बँजो बोल्ट) तांब्याचे वॉशर आधी बदला. दाबून चपटे झालेले वॉशर पुन्हा वापरणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात महाग काटकसर आहे.

थंड असताना बटणावर स्टार्ट, पण गरम झाल्यावर बंद केली की होत नाही?

इथे मात्र मोठ्या पंपावर, खासकरून रोटरीवर, संशय घ्या. आतला प्लंजर आणि त्याचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते. आपला केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. ती फट झिजून वाढली की गरम, पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं आणि स्टार्टरच्या कमी फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाब होत नाही. इंजिन बंद असताना पंपाच्या डोक्यावर ओलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा. त्यानंतर लगेच स्टार्ट झाली तर पंप झिजला, कामाला पाठवा. चालू, तापलेल्या पंपावर गार पाणी ओतू नका, तो जाम होऊ शकतो.

गाडी पंधरा-वीस किलोमीटर छान जाते, मग श्वास कोंडल्यासारखी बंद पडते. थांबून परत चालू होते.

श्वासच कोंडलाय, टाकीचा. डिझेल जेवढं निघतं तेवढी हवा आत यायला हवी. झाकणाचं भोक बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक गाडी अशी आली होती. दुसऱ्या एका गॅरेजने तिचा फीड पंप बदलला होता, मग फिल्टर, मग परत फीड पंप. गाडी दर वेळी मुंब्रा बायपासच्या चढावर बंद. मी झाकण फिरवलं तर भस्सकन आवाज आला, प्रेशर कुकरची शिटी उचलावी तसा, फक्त उलट्या दिशेने. झाकणाखाली दुधाच्या पिशवीचा चौकोनी तुकडा. झाकणाचं रबर गेलं होतं, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून क्लीनरने मोठ्या काळजीने घातला होता. दोन पंपांचे पैसे त्या पिशवीने खाल्ले.

तेव्हा असं झालं तर बंद पडल्या पडल्या पहिलं काम : झाकण उघडा आणि कान द्या.

इंजिन ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलंय. चांगलंच ना?

अजिबात नाही. इंजिनच्या ब्लॉकवर बसणाऱ्या फीड पंपात रबरी डायफ्राम असतो. तो फाटला की डिझेल थेट ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या, थेंब दोन बोटांत चोळा. डिझेलचा वास आणि पाण्यासारखा पातळपणा असेल तर गाडी तिथेच उभी करा. असं ऑइल बेअरिंगला धरत नाही आणि फार वाढलं तर इंजिन तेच ऑइल जाळत चावी बंद करूनही पळू शकतं. पंप, ऑइल आणि ऑइल फिल्टर तिन्ही एकदम बदला.

छोटा पंप मी स्वतः बदलू शकतो का?

पाना धरता येत असेल तर हो. दीड-दोन तासांचं काम आहे, फक्त घाई नको.

इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. आणि मग आधी धुवा! पंपाभोवतीची माती, ग्रीस, टोमॅटोच्या बिया (हसू नका, मार्केटच्या गाडीत निघतात) डिझेल आणि ब्रशने साफ करा. पाइप सोडल्यावर आत गेलेला एक खडा नव्या पंपाच्या व्हॉल्व्हखाली बसला की सगळी मेहनत फुकट. पाइपा सोडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. कुठली येणारी, कुठली जाणारी, हे कोणाच्याही लक्षात राहत नाही, माझ्याही नाही. सोडलेल्या टोकांना स्वच्छ प्लास्टिक बांधा.

दोन बोल्ट सोडले की पंप हातात येतो. जुनं गॅस्केट खरवडताना कपची आत पडू देऊ नका. नवा पंप जुन्याशेजारी ठेवून जुळवा : लिव्हरची लांबी, वाक, पाइपांचं तोंड. दुकानदाराने "सेम आहे" म्हटलं तरी जुळवा.

आता ज्या जागी नवशिके चुकतात ती जागा. पंप बसवताना लिव्हरखाली कॅमचा (लिव्हर हलवणाऱ्या, इंजिनातल्या फिरत्या दांड्याचा) उंचवटा आला असेल तर पंप सपाट बसत नाही, फट राहते. लोक बोल्ट आवळून तो ओढून बसवतात आणि ब्लॉकचे आटे जातात, नाहीतर लिव्हर तुटतो. पंप हाताने दाबून बघा. फार जोर लागत असेल तर इंजिन पान्याने थोडं फिरवा. उंचवटा सरकला की पंप बोटांनी दाबून जागेवर बसतो. मग दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा. गॅस्केट आणि वॉशर नवे.

एअर कशी काढायची?

फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू एक-दोन फेरे सैल करा आणि हातपंप मारत राहा. आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुड्याशिवाय सलग डिझेल. सलग आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. हात थांबवून आवळलात तर हवा परत शिरते. तेच मोठ्या पंपाच्या स्क्रूवर करा. तरी स्टार्ट होत नसेल तर दोन नोझलचे पाइप-नट अर्धा फेरा सैल करा, कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, डिझेल ठिबकलं की आवळा. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. पंप वाचवायच्या नादात स्टार्टर जाळलेले आहेत.

मोठा पंपही घरीच काढू का?

मी नाही म्हणेन. तो इंजिनच्या टायमिंगशी बांधलेला असतो. काढण्यापूर्वी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणावा लागतो, फ्लॅंजवर (पंप इंजिनला जिथे बोल्टने बसतो त्या कडेवर) छिन्नीची बारीक खूण करावी लागते आणि बसवताना तीच खूण तिथेच जुळावी लागते. एक दात पुढे गेला तर इंजिन लोखंड ठोकल्यासारखं वाजतं. मागे राहिला तर पांढरा धूर, गाडीचा जोर गायब, इंजिन गरम. खूण जुळवूनही दुरुस्त झालेल्या पंपाचं टायमिंग पुन्हा तपासावं लागतं, रोटरीला तर डायल गेज लावून.

आणि तो उघडून बघायचा मोह तर मुळीच नको. आतलं काम पंप-नोझलवाल्याच्या टेस्ट बेंचवरच होतं. तिथे पंप मोटरवर फिरवून प्रत्येक पाइपमधून किती डिझेल येतं ते काचेच्या नळ्यांत मोजतात. तुम्ही स्वतः उभं राहून बघा. सगळ्या नळ्यांची पातळी समान दिसली पाहिजे. चांगला पंपवाला बघू देतो.

नवा घ्यावा, दुरुस्त करावा की कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुना आणावा?

छोटा पंप नवाच. त्यात जुना आणण्याइतके पैसे वाचत नाहीत. मोठा पंप शक्यतो तुमचाच दुरुस्त करून घ्या, कारण तो तुमच्या इंजिनाचा आहे हे तरी नक्की असतं. कुर्ल्याचा माल वाईट असतो असं नाही, पण बाहेरून एकसारखे दिसणारे पंप आतून वेगळे असतात. पंपाच्या अंगावर पाटी असते, तिच्यावरचा पूर्ण नंबर जुळवा. पाटीच नसेल तर हात जोडून परत या. आणि जुना आणलात तरी बेंचवर चढवल्याशिवाय गाडीवर चढवू नका.

पंपाचा स्क्रू जरा वाढवून द्या ना, घोडबंदरला गायमुखच्या चढाला ताकद लागते.

रोजची मागणी. डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते, मग जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन जातं. चढाला थोडी ताकद वाटेल, पण मायलेज पडेल, पिस्टन तापेल आणि पीयूसीला अडकाल. बीएस-४ या प्रदूषण नियमाच्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराचा काळेपणा मोजायचं माप) आहे, बीएस-४ ला ५०. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला तर दर वर्षी फिटनेसला उभं राहायचंच आहे. पंपवाल्याने बेंचवर लावलेलं सील तोडू नका. ताकद कमी वाटत असेल तर एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरा. पलीकडचा उजेड दिसला नाही तर तुमची ताकद तिथे अडकलीय.

माझी पिकअप कॉमन रेलची (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारी नवी पद्धत) आहे. वरचंच लागू?

टाकी, झाकण, फिल्टर, हवा, हे लागू. नोझलचे नट सैल करून एअर काढणं अजिबात नाही. तुमच्या टायरमध्ये चार बारच्या आसपास हवा असते, कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बारचा दाब. तिथून सुटलेली बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर मलम लावत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा आणि "डिझेल दाबाने आत गेलंय" हे शब्द वापरा. जुन्या पंपाच्या नोझलसमोरही हात नको, बरं का.

छोटी सीएनजी पिकअप आहे, पेट्रोलवर घेतली की बंद पडते.

इथे पंप खरोखरच टाकीच्या आत आणि विजेवर. सीएनजीवाले पेट्रोल दोन-तीन लिटरवर ठेवून महिनोन्‌महिने विसरतात. पेट्रोल शिळं होऊन चिकटतं, आणि पंपाला गार ठेवणारं पेट्रोलच नसतं. पाव टाकी तरी ठेवा आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. पंप काढायचा झाला तर आधी त्याचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे पाइपमधला दाब उतरतो. मग बॅटरी काढायची. काम उघड्यावर, आणि सिगारेट-मोबाइल लांब. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरपटत जाते आणि शेजारच्या वेल्डिंगवाल्यापर्यंत पोचते.

नवा पंप टाकला आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच!

टाकी धुतली होती का? नाही ना. जुन्या टाकीच्या तळाशी गंज, गाळ आणि काळी साय असते. खालचा ड्रेन बोल्ट सोडून सगळं उतरवा, टाकी काढून दोन-तीनदा डिझेलने घुसळा, ओढणाऱ्या नळीची जाळी साफ करा. मग नवा फिल्टर, आणि आठवड्याभराने आणखी एक नवा फिल्टर. टाकीला वेल्डिंग लागणार असेल तर ते माहितगाराकडूनच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची.

दुसरं कारण तोंडावर विचारलं की ड्रायव्हर छताकडे बघतो : हायवेला ड्रममधून स्वस्तात घेतलेलं 'डिझेल'. रॉकेल मिसळलेलं असेल तर त्यात वंगण नसतं आणि पंपाच्या मायक्रॉनच्या फटी कोरड्या घासतात. लिटरमागे वाचलेले दहा-वीस रुपये पंप व्याजासकट परत घेतो.

पावसाळ्यात काय जपावं?

फिल्टरखालच्या वॉटर सेपरेटरचा स्क्रू आठवड्यातून एकदा सोडा. काचेच्या ग्लासात धरा. पाणी तळाला, डिझेल वर, रेघ स्पष्ट दिसते. जूनपासून टाकी रात्री भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा गार झाली की पाणी धरते. आणि गाडी पाण्यात बुडून बंद पडली असेल तर स्टार्टर मारू नका, हातपंपही नको. तो प्रश्न पंपाचा राहिलेला नसतो. टोइंग बोलवा.

भर रस्त्यात, माल भरलेला, गाडी बंद. मेकॅनिक येईपर्यंत काय करू?

गाडी डावीकडे घ्या, चाकाला ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, मागे त्रिकोण ठेवा. बायपासवर रात्री हे आधी, बाकी सगळं नंतर. मग झाकण उघडा, कान द्या. हातपंप मारा : कडक झाला तर डिझेल येतंय, भसभशीत राहिला तर हवा. एअर काढून बघा. गाडीत एका डब्यात कायम एक डिझेल फिल्टर, चार तांब्याचे वॉशर, हातभर पाइप, दोन क्लिपा आणि सतरा-एकोणीसचा पाना ठेवा. या डब्यावर पनवेलपर्यंत आलेल्या गाड्या आहेत.

काढलेलं घाण डिझेल कुठे टाकू?

गटारात नाही. इकडची गटारं नाले होऊन ठाण्याच्या खाडीत जातात, जिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. कॅनमध्ये दोन दिवस निवळू द्या, वरचं निथळून पार्ट धुवायला ठेवा, तळाचा गाळ जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये ओता. ऑइलवाला येतोच न्यायला.